शाळेची तयारी



आमची धाकटी नात जूनमध्ये शिशुवर्गात जाणार. लेकाचा फोन आला, "आई, सुट्टीत हिच्याकडून एबीसीडी गिरवून घे." मी बरं म्हटलं खरं, पण मनात आलं ताराबाईंचं नाव.

१८४० साली जर्मनीत फ्रोबेलने आपल्या शाळेला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिलं. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं. ताराबाई मोडक तिथेच त्यांच्याबरोबर काम करून तयार झाल्या. पण शहरातली ही महागडी साधनं खेड्यात कोण आणणार? म्हणून १९४५ साली ताराबाई डहाणूजवळ बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. शंख-शिंपले, बिया, पानं हीच त्यांची साधनं. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आधी आंघोळ, नखं, केस, मग गाणी-गोष्टी. पाटी नंतर! १९५७ पासून हेच काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी सुरू झालं. पुढे १९७५ मध्ये सरकारी योजनेतून देशभर अंगणवाड्या निघाल्या.

थोडक्यात काय, मूल शाळेसाठी तयार नसेल तर शाळेने मुलासाठी तयार व्हावं, असं या दोघींनी करून दाखवलं.

आणि मी? डी.एड.ला हे सगळं पाठ करून मार्क मिळवले. पण १९८५ साली याच लेकाकडून मुळाक्षरं गिरवून घेताना त्याची बोटं इतकी दाबली की तो रडला. शाळेच्या पहिल्या दिवशी त्याने माझा पदर धरला होता. माझ्या शाळेची घंटा व्हायची होती. मी पदर सोडवला आणि मागे न बघता निघाले. इतरांच्या मुलांना शिकवायला!

परवा हे त्याला फोनवर सांगितलं. तो जरा गप्प राहिला. मग म्हणाला, "आठवतंय मला."

आता नात आली आहे. आम्ही डबा उघडायला, चपलेचा पट्टा लावायला, "बाई, शू लागली" असं न लाजता सांगायला शिकतोय. दुपारी चिंचोके मोजतो. एबीसीडी बाई शिकवतीलच की!

लेकाला एवढंच सांगितलंय, पहिल्या दिवशी रजा काढ. ती पदर, म्हणजे तुझा शर्ट, सोडेपर्यंत थांब.

असो.