राजनांदगावच्या वाटेवरील गिरिप्रवचन

डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग ही स्थानके आपल्या मुलांनाही तोंडपाठ आहेत. सेक्टर 10 मधील मराठी कुटुंबांनी नागपूरकडच्या या मार्गाने किती फेऱ्या केल्या असतील याची गणतीच नाही. परंतु मराठी मनाच्या इतिहासातील एक मोठे वळण याच लोहमार्गावर घडले, हे थोड्यांनाच ठाऊक असावे; म्हणून सुवर्णमहोत्सवी अंकात त्याची नोंद करणे आम्हांस उचित वाटते.

साल 1893. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार व्हावयास अद्याप 62 वर्षे अवकाश होता. नारायण वामन टिळक हे कवी व संस्कृतज्ञ गृहस्थ नोकरीच्या शोधात नागपूरहून राजनांदगावास निघाले होते. डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी भेटले. बोलणे निघाले, आणि वॉर्डसाहेबांनी बायबलची प्रत देऊन, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळक वाचू लागले व गिरिप्रवचनापाशी येऊन थबकले. वैऱ्यावरही प्रेम करावे, अपकाराची फेड अपकाराने करू नये, वेदीवर दान ठेवण्यापूर्वी दुखावलेल्या भावाशी समेट करावा, ही शिकवण त्यांना सोडवेना. त्याच सुमारास, 1894 मध्ये, टॉलस्टॉय यांचा याच शिकवणीवर उभा असलेला ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि दक्षिण आफ्रिकेत तो गांधीजींच्या हाती पडला. गांधीजींना तर विलायतेत शिकत असतानाच गिरिप्रवचनाने मोहिनी घातली होती. ते हिंदूच राहिले. टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. एकाच झऱ्याचे पाणी दोघांनी आपापल्या ओंजळीने प्यावे, तसे हे झाले.

प्रेमाच्या या धर्माचा पहिला घाव मात्र घरातच बसला, हे लपविण्यात अर्थ नाही. पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर आकाश कोसळले. काही वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. परक्यासाठी हातचे देऊन टाकणारे टिळक घरात किती तापट होते, हेही लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'वरून कळते. त्यात कडवटपणा नाही, उलट पानोपानी हसू आहे. गिरिप्रवचन रेल्वेच्या डब्यात वाचणे आणि संसारात आचरणे यांतील अंतर या बाईंनी मोजले, असे आम्हांस वाटते.

कारण त्यांची वाट स्वयंपाकघरातून गेली. विलक्षण सोवळे पाळणाऱ्या वडिलांच्या घरात त्या वाढल्या होत्या. पतीकडे परतल्यावरही त्यांनी आपली चूल वेगळी ठेवली, पाणी वेगळे ठेवले. त्यांच्यावर सक्ती झाली नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. जातिभेद ईश्वराने केलेला नसून माणसांनी केलेला आहे, हा निर्णय त्यांनी स्वतःच्या विचाराने केला, शिवाशिव सोडली आणि मगच 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. विचार आधी, दीक्षा नंतर! ज्या घरात परक्याचा स्पर्श चालत नव्हता, तेथे पुढे अनाथ, आजारी, कोणत्याही जातीचे मूल पंक्तीला बसू लागले.

टिळकांचे मनही पंथाच्या कुंपणात मावेना. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली व 'देवाचा दरबार' स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. दोनच वर्षांनी, 9 मे 1919 रोजी, त्यांचे निधन झाले. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरेच राहिले. लग्नाच्या वेळी ज्यांना धड लिहिता-वाचता येत नव्हते, त्या लक्ष्मीबाईंनीच पुढचे अध्याय रचून ते पुरे केले.