उडान योजना : इंफाळ ते शिलाँग – अंतर, उड्डाणवेळ आणि तिकीट

मणिपूरची राजधानी इंफाळ आणि मेघालयाची राजधानी शिलाँग यांच्यातील हवाई अंतर सुमारे २२० किलोमीटर आहे. रस्ता मात्र डोंगरांना वळसे घालत जातो, त्यामुळे या प्रवासाला सुमारे १२ तास लागतात. ऑगस्ट २०२१ मध्ये उडान योजनेखाली या दोन शहरांमध्ये थेट विमानसेवा सुरू झाली.

उडान योजना म्हणजे काय?
'उडे देश का आम नागरिक' म्हणजेच उडान. ही केंद्र सरकारची प्रादेशिक विमानसेवा योजना असून तिचे पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी शिमला–दिल्ली मार्गावर उडाले. ठरलेल्या मार्गावर विमान कंपनीला होणारी तूट सरकार साधारण ३ वर्षे भरून देते. त्या बदल्यात कंपनी काही जागा मर्यादित भाड्यात देते.

उड्डाणाला किती वेळ लागतो?
सेवा सुरू झाली तेव्हा इंफाळ ते शिलाँग ६० मिनिटे आणि परतीला ७५ मिनिटे अशी वेळ होती. या वेळेत विमान जागेवरून हलून धावपट्टीवर जाणे, वर चढणे, उतरणे आणि थांब्यावर येणे हे सारे धरलेले असते. म्हणून अंतर कमी असले तरी उड्डाणवेळ त्याच प्रमाणात कमी होत नाही.

घरून निघताना किती वेळ धरावा?
विमानतळावर २ तास आधी पोहोचावे. शिलाँगचा विमानतळ उमरोई येथे, शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. तेथून शहरात जाण्यासाठी १ तास धरावा. म्हणजे १ तासाच्या उड्डाणासाठी एकूण साडेचार ते पाच तास हाताशी ठेवावेत. दवाखान्याची वेळ, परीक्षा किंवा मुलाखत असल्यास याच हिशेबाने तिकीट काढावे.

भाडे कसे ठरते?
भाड्याची मर्यादा अंतरानुसार ठरते. योजना सुरू झाली तेव्हा सुमारे ५०० किलोमीटर किंवा १ तासाच्या उड्डाणासाठी ही मर्यादा २,५०० रुपये होती. ती वेळोवेळी बदलते. विमानातील साधारण निम्म्या जागाच या भाड्यात मिळतात. उरलेल्या जागांचे भाडे कंपनी ठरवते. त्यामुळे तारीख नक्की होताच तिकीट काढणे फायद्याचे ठरते.

अर्ज करावा लागतो का?
नाही. उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका किंवा नोंदणी लागत नाही. तिकीट कोणालाही काढता येते. 'उडान कार्ड' किंवा 'नोंदणी शुल्क' म्हणून कोणी पैसे मागितल्यास देऊ नका. प्रवासाच्या वेळी मूळ ओळखपत्र मात्र जवळ हवे.

तिकीट काढण्यापूर्वी हे तपासा
• सेवा सध्या सुरू आहे का आणि आठवड्यातून कोणत्या दिवशी आहे? सरकारी मदतीची मुदत संपल्यावर मार्ग बंद होऊ शकतो किंवा भाडे वाढू शकते.
• विमान थेट आहे का? वाटेत विमान बदलावे लागल्यास वेळ आणि भाडे दोन्ही वाढतात.
• तिकिटासोबत किती वजनाचे सामान नेता येते?

उड्डाण रद्द झाल्यास
कंपनीने उड्डाण रद्द केल्यास आपल्याला पर्यायी उड्डाण किंवा तिकिटाचे पैसे परत मागता येतात. कंपनीने दाद न दिल्यास नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या 'एअरसेवा' पोर्टलवर तक्रार नोंदवा. त्यासाठी तिकीट आणि रद्द झाल्याचा संदेश जपून ठेवा.