राजाराम हायस्कूलचा बाक आणि मिस क्लार्क बोर्डिंगची खोली

दरवर्षी २६ जूनला आपण दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्याला हार घालतो, ‘आरक्षणाचे जनक’ म्हणून घोषणा देतो. घोषणा खरीच आहे. पण २६ जुलै १९०२ चा ५० टक्क्यांचा जाहीरनामा नोकऱ्यांचा होता. नोकरीआधी शाळा लागते, आणि शाळेच्या बाकावर कोण बसत होतं हे आम्ही आमच्या सभांतून फारसं विचारत नाही.

भवानी मंडपाजवळचं राजाराम हायस्कूल हे संस्थानचं मानाचं विद्यालय. १८७० साली फ्लॉरेन्सला वारलेल्या छत्रपती राजाराम महाराजांचं नाव त्याला आहे. सरकारी शाळा होती, दार सगळ्यांना उघडं होतं, असं सांगणारे आजही भेटतात. मग खेड्यातला महाराचा, मांगाचा पोरगा तिथवर पोचणार कसा? गावातच त्याची शाळा वेगळी. शहरात आला तर खोली कोण देणार? पाणी कुठं भरायचं? ताट कोण वाढणार? हायस्कूलची फी हा शेवटचा अडथळा होता, पहिला नव्हे.

म्हणून महाराजांनी वसतिगृहं काढली. १९०१ ला मराठा बोर्डिंग झालं, आणि १९०८ ला अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. मुंबईच्या गव्हर्नरच्या मुलीचं नाव त्याला दिलं. ‘जातवार वसतिगृहांनी जात पक्की झाली’ असा आक्षेप आजही घेतला जातो. अहो, ज्याला शहरात कुणी ओसरीही देत नव्हतं, त्याला आधी छप्पर द्यायचं की प्रवचन?

पण शाळेच्या बाबतीत महाराजांनी उलट केलं, आणि हेच आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं व मोफत झालं. १९१९ च्या सप्टेंबरअखेर अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळाच बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम निघाला. म्हणजे राहायला वेगळं चालेल, शिकायला एकत्रच.

नुसत्या प्रवेशानं काय होतं, ते बाबासाहेबांना ठाऊक होतं. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूल या सरकारी शाळेतून ते १९०७ ला मॅट्रिक झाले. तिथं ते फळ्याकडे निघाले तेव्हा मागं ठेवलेले डबे विटाळतील म्हणून वर्गातल्या मुलांनी धावत जाऊन ते उचलले. तिथंही दार उघडंच होतं.

कोल्हापूरच्या १९१९ च्या जानेवारीतल्या हुकमाचा रोख म्हणूनच अधिकाऱ्यांवर होता. अस्पृश्यांना समानतेनं वागवायचं. पटत नसेल तर सहा आठवड्यांत राजीनामा द्यायचा, पेन्शन मिळणार नाही. पुढच्याच वर्षी, २१ व २२ मार्च १९२० ला, माणगाव परिषदेत महाराज आणि बाबासाहेब एका मंचावर आले.

आज सरकारी वसतिगृहाची प्रवेश यादी कॉलेज सुरू होऊन महिने उलटले तरी लागत नाही. तोवर ती मुलं कुठं राहतात, हे येत्या २६ जूनच्या सभेत विचारायचं आम्ही ठरवलं आहे. जय भीम.