वणव्याच्या वेढ्यातील बेटे

केळझर म्हणताच आपल्याला सिद्धिविनायकाचे देवस्थान आठवते. लोकश्रुती तर या गावाला महाभारतातील एकचक्रानगरी मानते. मात्र त्याच सेलू तालुक्यातील बोर अरण्याचा इतिहास आपण क्वचितच वाचतो. या पानगळीच्या सागवनात उन्हाळी वणवा पसरला, की रानालगतच्या वस्त्या जणू बेटे होतात.

तरीही दिनक्रम थांबत नाही. चैत्रात पहाटे मोहफुले गळतात. ती दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. कधी तीच आग वाऱ्यासरशी रानात शिरते. १९२७ च्या वन कायद्याने राखीव रानात आग लावणे गुन्हा ठरविले आणि रानातून काही नेण्याची सवलत असलेल्यांवर आग विझविण्यास साहाय्य करण्याचे बंधन घातले. बोर १९७० साली अभयारण्य झाले, २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. गौण वनोपजावरील वननिवासींचा मालकीहक्क मात्र २००६ च्या वन हक्क कायद्याने मान्य केला. कर्तव्य आधी, हक्क एकोणऐंशी वर्षांनी!

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात धरित्रीचे व दरिद्री बांधवांचे दुःख एकच मानले. फुले वेचणाऱ्या हातांना दोष देण्यापूर्वी आपण स्मरावे : हिरव्या डहाळ्यांनी वणवा झोडपणारे हातही बहुधा तेच असतात.