प्रश्न डेटाकडे जातो तेव्हा

आजचा विषय तांत्रिक आहे, पण त्यामागची गोष्ट तशी साधी आहे. ऑनलाइन माल विकणारा एखादा दुकानदार आपल्या स्क्रीनवर बटण दाबतो आणि विचारतो, गेल्या तीन महिन्यांत कोणत्या जिल्ह्यात किती विक्री झाली? त्या बटणामागचा कोड हा प्रश्न डेटाबेसला विचारतो. डेटा एका मशीनवर नसतो, अनेक मशीनवर वाटलेला असतो. मग हे संभाषण चालतं कसं, आणि त्यातल्या सवयी आल्या कुठून, हे आज आपण पाहू.

सुरुवात 1970 पासून करू. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी त्या वर्षी रिलेशनल मॉडेल मांडलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की काय हवं ते सांगा. ते कुठून आणि कसं काढायचं हे यंत्राला ठरवू द्या. 1974 साली डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्यासाठी सीक्वेल ही भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल झाली.

पण इथे एक अडचण होती. एसक्यूएलचं उत्तर म्हणजे ओळींचा अख्खा संच, आणि त्या काळची कोबोल किंवा पीएल-वनमधली प्रोग्रॅम तर एका वेळी एकच नोंद हाताळायची. यावर तोडगा निघाला तो कर्सरचा. पोथी वाचताना आपण ओळीवर बोट ठेवतो आणि एकेक ओळ पुढे सरकतो ना, अगदी तसं. बँकेतल्या एका खात्याची शिल्लक बघायची असेल तर ही सोय उत्तमच. पुढे 1992 मध्ये ओडीबीसी आलं, 1997 मध्ये जावासाठी जेडीबीसी आलं. आता कोणत्याही डेटाबेसचं दार एकाच पद्धतीने ठोठावता येऊ लागलं. पण दाराचा आकार तोच राहिला: एक ओळ घ्या, मग पुढची मागा.

दुसरीकडे मोठ्या डेटाचं विश्लेषण करणाऱ्यांची वाट वेगळी होती. 1979 साली अमेरिकेत टेराडेटा ही कंपनी स्थापन झाली. तिच्या यंत्राचं नाव होतं डीबीसी/1012. हा आकडा म्हणजे दहाचा बारावा घात, अर्थात एक टेराबाइट. नावातच महत्त्वाकांक्षा! तिथे डेटा अनेक प्रोसेसरांमध्ये वाटलेला असे आणि प्रत्येक जण आपल्या वाट्यावर काम करी. तत्त्व एकच: डेटा प्रश्नाकडे आणू नका, प्रश्न डेटाकडे न्या.

2004 मध्ये गूगलच्या जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी मॅपरिड्यूस मांडलं. साध्या मशीनच्या ताफ्यावर प्रचंड डेटा हाताळता येऊ लागला. पण साध्या बेरजेसाठीही प्रोग्रॅम लिहावा लागे. म्हणून फेसबुकमध्ये आशिष थुसू, जॉयदीप सेन सर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाइव्ह उभं केलं. प्रश्न एसक्यूएलसारख्या भाषेत विचारा, खालचं काम ते वाटून देईल. 2010 मध्ये गूगलचा ड्रेमेलवरचा शोधनिबंध आला. त्यात डेटा स्तंभांनुसार साठवलेला होता, आणि प्रश्न झाडाच्या फांद्यांसारखा खाली पसरून उत्तरं पुन्हा वर गोळा होत. प्रेस्टो, क्लिकहाउस ही नावं त्यानंतर घरोघरी, म्हणजे निदान प्रोग्रॅमरांच्या घरोघरी पोहोचली.

आता तुम्ही म्हणाल, वाटणी त्यांची त्यांना करू दे, आपल्याला काय? तर एक उदाहरण घेऊ. एका मशीनवर 10 विक्रींची सरासरी 100 रुपये आहे. दुसऱ्यावर 990 विक्रींची सरासरी 200 रुपये. कोडने दोन्ही सरासऱ्या आणून त्यांची सरासरी काढली तर येतात 150 रुपये. खरं उत्तर आहे 199! म्हणून प्रत्येक मशीनने सरासरी नाही, तर बेरीज आणि संख्या वर पाठवायची. डेटाबेस हे आपणहून करतो. आपण कोडमध्ये तुकडे जोडायला गेलो, की फसतो.

ग्राहक मोजताना तर आणखी पंचाईत. एकच माणूस दोन्ही मशीनवर असू शकतो, म्हणजे नुसती बेरीज चालत नाही. म्हणून अंदाजे मोजणीच्या युक्त्या आल्या. प्रेस्टोमधल्या अशा फंक्शनची प्रमाण त्रुटी 2.3 टक्के धरलेली असते. आलेखासाठी एवढं पुरे. पण त्याच आकड्यावर कुणाचं बिल निघणार असेल तर? अचूक हवं की अंदाज, हे कोड लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

आता पुन्हा त्या दाराकडे येऊ. प्रेस्टोला प्रश्न पाठवला की उत्तराबरोबर पुढच्या भागाचा पत्ता मिळतो. तो मागत मागत जायचं. कर्सरचं बोट आता वेबवरून सरकतं, एवढंच. 2017 मध्ये ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेतले मार्क रासवेल्ट आणि हानेस म्यूलआइसेन यांनी या दाराचंच मोजमाप केलं. मोठं उत्तर असेल तर प्रश्न सोडवण्यापेक्षा उत्तर वाहून आणण्यातच जास्त वेळ जातो, असं त्यांनी दाखवलं. स्तंभांत साठवलेला डेटा ओळींत मोडायचा, तारेवरून पाठवायचा, आणि विश्लेषणासाठी पुन्हा स्तंभांत रचायचा! अपाचे ॲरो हा प्रकल्प 2016 पासून सुरू होता. त्याच्या आधाराने 2023 मध्ये एडीबीसी हा जोडणीचा नवा करार आला. त्यात स्तंभ स्तंभ म्हणूनच हातात येतात.

मग या इतिहासातून आपण काय घ्यायचं? 1970 च्या दशकातलं ते बोट आपल्या कोडमध्ये अजून आहे. सगळ्या ओळी मागवायच्या आणि लूप लावून बेरीज करायची, हे आपल्यापैकी अनेकांनी केलंय. शंभर ओळी असताना ते खपून जातं. शंभर कोटी ओळी झाल्या की तोच कोड अडतो, आणि दुकानदार स्क्रीनकडे बघत बसतो. दोष बहुतेक वेळा डेटाबेसला दिला जातो. खरं तर आपण त्याला प्रश्न विचारलेलाच नसतो, नुसतं गोदाम रिकामं करायला सांगितलेलं असतं.

कॉडचं म्हणणं अजून तेच आहे: काय हवं ते नीट सांगा. आता तुमच्या शंका घेऊ.