मालगुजारी तलावांतील मत्स्य अधिवास

मालगुजारी तलावांतील मत्स्य अधिवास म्हणजे पूर्व विदर्भातील जुन्या गावतलावांमध्ये माशांना अन्न, आसरा आणि अंडी घालण्यास जागा देणारी नैसर्गिक रचना होय. पाणवनस्पती, उथळ काठ आणि पाण्यात बुडालेले लाकूड हे तिचे प्रमुख घटक आहेत. गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनी व अर्जुनी मोरगाव या तालुक्यांसह भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत असे तलाव मोठ्या संख्येने आढळतात.

इतिहास

यांतील बहुतेक तलाव गोंड राजवटीत मुख्यतः कोहळी समाजाने भातशेतीच्या सिंचनासाठी बांधले. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगाव बांध हा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे मानले जाते. पुढे तलावांची मालकी मालगुजारांकडे होती. १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्यानंतर ते शासनाकडे गेले व ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणून ओळखले जाऊ लागले. मासेमारी हा ढीवर समाजाचा पारंपरिक व्यवसाय असून तलावांतील मासेमारीचा ठेका प्रामुख्याने सहकारी संस्थांमार्फत दिला जातो.

अधिवासाचे कार्य

मरळ मासा वनस्पतींच्या दाटीत जागा मोकळी करून तेथे अंडी घालतो व पिलांची राखण करतो. अनेक लहान माशांची अंडी पानांना व देठांना चिकटून राहतात. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या पाण्याखालील वनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात आणि त्यांच्या पानांवर वाढणारे शेवाळ व सूक्ष्म जीव पिलांचे अन्न ठरतात. कमळ, कुमुदिनी व देवधान यांच्या आडोशाने पिले मोठ्या माशांपासून व पक्ष्यांपासून बचावतात.

रोहू, कटला व मृगळ हे मासे तलावाच्या साचलेल्या पाण्यात सहसा प्रजनन करत नाहीत. त्यामुळे त्यांचे बीज वारंवार विकत आणून सोडावे लागते. मरळ, मागूर, शिंगी यांसारख्या जाती मात्र योग्य अधिवास असल्यास तलावातच वाढतात. म्हणून अधिवासाचा ऱ्हास झाल्यास मासेमारांचा बीजावरील खर्च व परावलंबन वाढते.

ऱ्हासाची कारणे

गाळ साचणे, काठावरील अतिक्रमण आणि बेशरम या आक्रमक झुडपाचा प्रसार ही ऱ्हासाची प्रमुख कारणे होत. गवत्या मासा पाणवनस्पती खातो, तर सायप्रिनस अन्नासाठी तळ उकरून त्या उपटतो. केवळ खोलीकरण केल्यास पाणीसाठा वाढतो, परंतु उथळ काठ व वनस्पती नाहीशा झाल्यास माशांच्या विणीची जागा उरत नाही.

पुनरुज्जीवन

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेने ढीवर मासेमार व ग्रामस्थांच्या सहभागाने गोंदिया व भंडारा परिसरातील काही तलावांत पुनरुज्जीवनाचे काम केले आहे. यात बेशरम काढणे, उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ नांगरणे आणि स्थानिक पाणवनस्पतींची लागवड करणे यांचा समावेश होतो. कोणत्या वनस्पती कोठे वाढत आणि कोणता मासा कोठे वितो, याविषयीचे मासेमारांचे पारंपरिक ज्ञान या कामाचा आधार आहे. लागवडीनंतर गवत्या व सायप्रिनस न सोडणे आणि विणीच्या काळात मासेमारी टाळणे आवश्यक असते.

बुडवलेल्या लाकडाचा वापर

वनस्पती विरळ असलेल्या जलाशयांत झाडे व फांद्या बुडवूनही आसरा निर्माण करता येतो. बेनिनमधील ‘अकाजा’ व बांगलादेशातील ‘काठा’ या पद्धतींत फांद्यांभोवती मासे गोळा होतात. अमेरिकेत नाताळानंतर टाकून दिलेली झाडे वजन बांधून जलाशयांच्या तळाशी सोडली जातात. भारतातील तळ्यांत चोरटी मासेमारी रोखण्यासाठीही काटेरी फांद्या टाकण्याची पद्धत आहे.

उथळ मालगुजारी तलावांत या उपायाला मर्यादा आहेत. हिरव्या पालापाचोळ्यासह फांद्या टाकल्यास त्या कुजताना पाण्यातील प्राणवायू कमी होतो. शिवाय लाकडात जाळी अडकून फाटतात. त्यामुळे वाळलेले, पाने नसलेले लाकूड जाळी ओढण्याच्या जागा सोडून ठेवणे इष्ट ठरते. लाकडामुळे आसरा मिळतो. परंतु प्राणवायूही पुरवणाऱ्या व दरवर्षी नव्याने वाढणाऱ्या पाणवनस्पतींची जागा ते पूर्णपणे घेऊ शकत नाही.