नवरा इथे, माहेर तिथे: सीमेपलीकडच्या जोडीदाराची भेट आणि कायम वास्तव्याचे नियम

मार्गासनीत माझ्याकडे लोक निकाहनामा घेऊन येतात. मी शाळेत शिकवते, उर्दू आणि मराठी दोन्ही येतं, म्हणून. निकाहनामा उर्दूत, तारीख हिजरी, सरकारी फॉर्म इंग्रजीत आणि रेशनकार्ड मराठीत. चार कागदांवर एकाच मुलीचं नाव चार तऱ्हेने लिहिलेलं. जोडीदार परदेशातला असेल तर हीच बारीकसारीक गोष्ट वर्षं खाते. म्हणून पाकिस्तानातून सून आणलेल्या किंवा तिकडे मुलगी दिलेल्या घरांसाठी हे सविस्तर लिहिते आहे. नात्यात असं कुणी नसलं तरी वाचून ठेवा, कारण विचारायला लोक आपल्याकडेच येतात.

हे नातं आलं कुठून?

कराची आणि मुंबई एकेकाळी एकाच इलाख्यात होत्या. सिंध मुंबई इलाख्यापासून वेगळा झाला तो १९३६ साली. त्यामुळे कोकणातले, मुंबईतले कितीतरी मुसलमान कुटुंबीय बोटीने कराचीला कामाधंद्याला जात. फाळणीनंतर काही तिथेच राहिले. कराचीत आजही कोकणी मुसलमानांची वस्ती आहे. मामेबहीण तिकडे, चुलतभाऊ इकडे, अशी घरं झाली आणि नात्यातली लग्नं चालूच राहिली.

रस्ता मात्र आखडत गेला. १९४८ साली परमिट आलं, १९५२ साली पासपोर्ट-व्हिसा आला. १९६५ च्या लढाईने बोट बंद झाली. १९७६ साली समझौता एक्सप्रेस सुरू झाली, २००६ साली राजस्थानातून थार एक्सप्रेस. दोन्ही ऑगस्ट २०१९ मध्ये थांबल्या. कराचीतली भारतीय वकिलात १९९४ सालापासून बंद आहे, त्यामुळे कराचीच्या माणसाला व्हिसासाठी इस्लामाबादकडे बघावं लागतं.

भेट वेगळी, वास्तव्य वेगळं

हा लेख एका वाक्यात सांगायचा तर असा: भेटीच्या व्हिसावर संसार मांडता येत नाही आणि वास्तव्याचा अर्ज चालू असताना बेहिशोबी भेटी परवडत नाहीत.

८ सप्टेंबर २०१२ च्या भारत-पाकिस्तान व्हिसा कराराने जोडीदारांना थोडी मोकळीक दिली होती. दुसऱ्या देशातल्या नागरिकाशी लग्न झालेल्यांना, ६५ वर्षांवरच्यांना आणि आईवडिलांबरोबरच्या १२ वर्षांखालच्या मुलांना दोन वर्षांपर्यंतचा, अनेकदा ये-जा करता येईल असा व्हिसा देण्याची तरतूद होती. गावं पाचपर्यंत, तीही आधी नमूद केलेली. पण हा भेटीचाच व्हिसा. दोन वर्षं येऊन-जाऊन राहिलं म्हणजे वास्तव्य मिळालं, असं होत नाही.

राहण्यासाठीचा कागद म्हणजे दीर्घ मुदतीचा व्हिसा. ऑफिसात त्याला एलटीव्ही म्हणतात. भारतीय नागरिकाशी लग्न करून इथे राहणाऱ्या पाकिस्तानी आणि बांगलादेशी स्त्रिया यात बसतात. लग्न करून तिकडे गेलेली, तिथलं नागरिकत्व घेतलेली आणि आता तलाक किंवा वैधव्यामुळे परतलेली इथली मुलगी, जिला तिकडे आधार देणारा पुरुष नाही, तिच्यासाठीही यात जागा आहे. नवरा पाकिस्तानी आणि बायको भारतीय असेल तर मात्र असं सरळ दार नाही. विशेष सहानुभूतीचं प्रकरण म्हणून अर्ज करावा लागतो. सोयरीक जुळवताना ही गोष्ट दोन्ही घरांना माहीत असायला हवी.

ग्रीन कार्डासारखं काही मिळतं का?

नाही. ओसीआय कार्डाचं नाव बरेच जण घेतात. पण जी व्यक्ती, किंवा जिचे आईवडील, आजीआजोबा पाकिस्तानचे वा बांगलादेशचे नागरिक होते वा आहेत, तिला ते कार्ड मिळत नाही. एजंट ‘करून देतो’ म्हणाला तर पैसे देऊ नका. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याची सवलतही मुसलमानांसाठी नाही. म्हणजे वाट एकच: दीर्घ मुदतीचा व्हिसा अखंड चालू ठेवायचा आणि मग नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ५(१)(सी) खाली, भारतीय नागरिकाचा जोडीदार म्हणून नोंदणीचा अर्ज करायचा.

सात वर्षांचा हिशोब

कायदा सात वर्षांचं वास्तव्य मागतो, पण मोजणी अशी आहे: अर्जाच्या लगेच आधीचे १२ महिने सलग भारतात, आणि त्या १२ महिन्यांच्या आधीच्या आठ वर्षांत मिळून एकूण सहा वर्षं भारतात.

उदाहरण घेऊ. अर्ज १ जून २०३२ रोजी करायचा आहे. तर १ जून २०३१ ते ३१ मे २०३२ इथेच राहायचं. त्याआधीची १ जून २०२३ ते ३१ मे २०३१ ही आठ वर्षं पाहायची. त्यात सहा वर्षांची बेरीज हवी. म्हणजे या आठ वर्षांत माहेरच्या भेटी, आजारपण, लग्नकार्य धरून फार तर दोन वर्षं बाहेर गेली तर चालतात.

शेवटच्या १२ महिन्यांत बाहेर जावंच लागलं तर? विशेष कारण असेल तर केंद्र सरकार जास्तीत जास्त ३० दिवसांची सूट देऊ शकतं, तुकड्या-तुकड्यांत गेलेले दिवस धरून. ‘देऊ शकतं’ हा शब्द लक्षात ठेवा. सूट मागावी लागते, ती आपोआप मिळत नाही. अम्मीचं दुखणं कॅलेंडर बघून येत नाही हे खरं, पण कुणाच्या लग्नासाठी या वर्षात जाऊ नका.

यासाठी एक साधी वही करा. तीन रकाने: निघाल्याची तारीख, परतल्याची तारीख, बाहेरचे दिवस. पासपोर्टवरच्या शिक्क्यांशी जुळवून लिहा. जुना पासपोर्ट संपला तरी फेकू नका, शिक्के त्यातच असतात.

माहेरी जाऊन परत कसं यायचं?

दीर्घ मुदतीचा व्हिसा हातात आहे म्हणून नुसतं निघून चालत नाही. निघण्याआधी ‘नोरी’ नावाचा परतीचा व्हिसा घ्यावा लागतो. त्यावर परतीची मुदत असते. ती चुकली की तिकडून नव्याने व्हिसा मागावा लागतो आणि वाट बघण्यात वर्ष जाऊ शकतं.

इथली मुलगी तिकडे नवऱ्याला भेटायला जाते तेव्हा वेगळी काळजी. पाकिस्तानचा १९५१ चा कायदा पाकिस्तानी पुरुषाच्या बायकोला नागरिकत्वासाठी नोंदणी करू देतो. सासरचे म्हणतात, ‘बेटी, कार्ड बनवून घे, रोजची कटकट जाईल.’ पण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व त्या क्षणी जातं. उद्या तलाक झाला तर हीच मुलगी स्वतःच्या माहेरी परदेशी म्हणून येते. सही करण्याआधी वडिलांनी, भावाने हे तिला समजावून सांगावं, आणि निर्णय तिला घेऊ द्यावा.

एप्रिल २०२५ ने काय शिकवलं

२२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी अटारीची चौकी बंद करण्याचा निर्णय आला. २४ तारखेला पाकिस्तानी नागरिकांची व्हिसा सेवा स्थगित झाली आणि दिलेले व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द ठरले, उपचाराचे २९ पर्यंत चालले. दीर्घ मुदतीच्या व्हिसाला यातून वगळलं गेलं. त्या एका ओळीने कितीतरी संसार वाचले. नंतर अशा व्हिसाधारकांना १० मे ते १० जुलै या काळात ऑनलाइन नव्याने अर्ज करायला सांगितलं गेलं.

अडकल्या त्या मधल्या बायका. जम्मूच्या एका प्रकरणात सून भेटीच्या व्हिसावर आली होती, त्याची मुदत मार्चमध्ये संपली, दीर्घ मुदतीचा अर्ज पडून होता. तिला अटारीला नेलं गेलं, उच्च न्यायालयाने पाठवणी थांबवली म्हणून ती परतली. दुसऱ्या प्रकरणात बाई ३८ वर्षं इथे राहत होती. तिच्या व्हिसाच्या नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित होता. तिची पाठवणी झाली. जूनमध्ये उच्च न्यायालयाने तिला परत आणायला सांगितलं आणि पुढे केंद्राने तिला भेटीचा व्हिसा देण्याची तयारी दाखवली. ३८ वर्षांच्या संसारानंतर स्वतःच्या घरी पाहुणी!

अर्ज केला म्हणजे मंजुरी नव्हे. म्हणून नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या बराच आधी करा आणि त्याची पोच छापून घरात ठेवा.

आपल्या तालुक्यात कुठे जायचं

दीर्घ मुदतीच्या व्हिसाचा अर्ज ऑनलाइन, ई-एफआरआरओ या सरकारी पोर्टलवर होतो. जिल्ह्याच्या ग्रामीण भागात परकीय नागरिकांची नोंदणी पोलीस अधीक्षकांकडे असते. भोर-वेल्ह्याच्या लोकांसाठी ते म्हणजे पुणे ग्रामीण पोलीस अधीक्षक कार्यालय. पाकिस्तानी पाहुण्याने पोचल्यापासून २४ तासांत पोलिसांत नोंद करायची असते. परदेशी पाहुणा घरी उतरला की यजमानाने त्याची माहिती कळवायची, तीही २४ तासांत. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदा लागू आहे, तेव्हा ‘आपल्या पोलीस पाटलाला माहीत आहे’ एवढ्यावर विसंबू नका. व्हिसावर लिहिलेल्या ठिकाणाबाहेर जायचं असेल तर आधी विचारा, मग ते नात्यातलं लग्न का असेना.

नागरिकत्वाचा अर्जही ऑनलाइन भरून कागद जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचे. तिथून तो राज्याच्या गृह विभागाकडे आणि मग केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो.

कागद जुळवताना

१. निकाहाची सरकारी नोंदणी करा. गावात विवाह निबंधक म्हणजे ग्रामसेवक. नोंदणी ९० दिवसांत करावी. नुसता निकाहनामा मजहबी दृष्टीने पुरेसा असला तरी परदेशी जोडीदाराच्या फाइलला नोंदणीचा दाखला लागतो.

२. निकाहनाम्यावर हिजरीबरोबर इंग्रजी तारीखही लिहून घ्या. नंतर मोजताना एक दिवस इकडे-तिकडे होतो आणि फाइल परत येते.

३. नावाचं स्पेलिंग तिच्या पासपोर्टप्रमाणे सगळीकडे एकच ठेवा. ‘बी’, ‘बेगम’, ‘खातून’ मनाने जोडू नका, काढूही नका.

४. उर्दू कागदाचं भाषांतर प्रमाणित करून घ्या. माझ्यासारख्या शिक्षकाने वहीत लिहून दिलेलं समजून घ्यायला चालतं, फाइलला चालत नाही.

५. तिचा पाकिस्तानी पासपोर्ट संपू देऊ नका. नूतनीकरण दिल्लीतल्या पाकिस्तान उच्चायोगातून होतं, त्याला वेळ लागतो.

मुलांचं काय?

३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेलं मूल जन्माने नागरिक ठरतं, जर आईवडिलांपैकी एक भारतीय नागरिक असेल आणि दुसरा ‘बेकायदा स्थलांतरित’ नसेल. व्हिसाची मुदत संपल्यावर राहणारी व्यक्ती कायद्याच्या भाषेत बेकायदा स्थलांतरित होते. म्हणजे आईचा व्हिसा चुकला आणि त्याच काळात बाळ झालं, तर प्रश्न बाळाच्या नागरिकत्वावर येतो. बाळंतपणाच्या धावपळीत व्हिसाची तारीख विसरू नका. जन्मदाखला आणि त्या दिवशी चालू असलेल्या व्हिसाची प्रत एकत्र ठेवा.

इतर देशांतही हेच

आपली मुलं आखातात आणि विलायतेतही आहेत. यूएईत राहण्याचा साधा व्हिसा असलेली बायको सलग १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिली तर व्हिसा जातो. बाळंतपणाला गावी येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. ब्रिटनमध्ये भेटीच्या व्हिसावर जाऊन तिथेच जोडीदाराचा व्हिसा करून घेता येत नाही, अर्ज इथून करावा लागतो. एप्रिल २०२४ पासून तिथल्या जोडीदाराची कमाई साधारणपणे वर्षाला किमान २९,००० पौंड लागते. देश कोणताही असो, भेट आणि वास्तव्य यांची सरमिसळ केली की अडचण होते.

सोयरीक करताना आपण घराणं, दीन, शिक्षण, मेहर सगळं विचारतो. त्यात एक प्रश्न वाढवा: मुलगी कोणत्या व्हिसावर येणार, आणि तिची अम्मी आजारी पडली तर ती जाऊन परत कशी येणार? याचं उत्तर दोन्ही घरांकडे तयार असेल तरच तारीख धरा. अल्लाह सगळ्या ताटातूट झालेल्या घरांना लवकर एकत्र आणो, आमीन.